स्वस्त कुणाला, किती वाजता

परदेशात राहून लॅपटॉपवर काम करायला स्वस्त जागा कोणत्या, याच्या याद्या रग्गड आहेत. थायलंडमधलं चियांग माई, व्हिएतनाममधलं दा नांग, जॉर्जियाची राजधानी त्बिलिसी, मलेशियातलं पेनांग ही नावं त्यांत आलटून पालटून येतात. ठाण्यात कासारवडवलीच्या पंधराव्या मजल्यावर किंवा नवी मुंबईत खारघरच्या एखाद्या सेक्टरात बसून त्या वाचणाऱ्याला वाटतं, आपणही जावं. पण या याद्या बहुतेक अशा लोकांनी केलेल्या असतात ज्यांचा पगार डॉलरात होतो आणि ज्यांच्या पासपोर्टवर विमानतळावरचा अधिकारी मान वर न करता शिक्का मारतो. सॅन फ्रान्सिस्कोचं भाडं भरणाऱ्याला चियांग माई स्वस्त वाटणारच. त्याला घोडबंदर रोडही स्वस्तच वाटेल.

तेव्हा हिशेब आपल्या रुपयात मांडू. चियांग माईत निम्मान हा कॅफेंचा, गजबजलेला भाग. त्याला लागून सांतीथाम आहे, जिथे स्थानिक लोक राहतात आणि भाडी उतरतात. सांतीथाममध्ये बरी स्टुडिओ खोली नऊ हजार बाटच्या आसपास मिळते. बाट पावणेतीन रुपयांचा धरला तर हे झाले २४-२५ हजार रुपये. ठाण्यात घोडबंदरला वन बीएचके साधारण त्याच घरात येतो, आणि त्यात हॉल वेगळा असतो. खारघर, कामोठ्याला याहून कमी. बाहेरचं जेवण तिकडे परवडतं खरं, पण आपल्याकडे पोळीभाजीचा डबा त्याहून स्वस्त. वर विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा आणि दोन महिन्यांचं अडकलेलं डिपॉझिट. बेरीज केली की आकडा ठाण्याच्या पुढेच जातो.

रुपयात कमावणाऱ्याने म्हणूनच पैसे वाचवायला जाऊ नये. तेवढ्याच किंवा थोड्या जास्त पैशात वेगळं काही मिळत असेल, म्हणजे खड्डे न चुकवता चालता येणारा रस्ता, संध्याकाळी पायी गाठता येणारा समुद्र, बांधकामाच्या धुळीशिवायची बाल्कनी, तर जावं. डॉलरात किंवा युरोत बिल लावणाऱ्या फ्रीलान्सरचं गणित निराळं, पण त्याला ठाण्यातही चार पैसे सुटतातच. ही खूणगाठ आधी बांधली की पुढचे निर्णय सोपे होतात. कारण मग भाडं हा पहिला निकष राहत नाही, चौथा-पाचवा होतो.

पहिला निकष घड्याळ.

थायलंड आणि व्हिएतनाम आपल्यापेक्षा दीड तास पुढे, मलेशिया आणि बाली अडीच तास. जॉर्जिया आणि मॉरिशस दीड तास मागे. नेपाळ फक्त पंधरा मिनिटं पुढे. आता ऐरोलीतल्या एखाद्या कंपनीत साडेनऊ ते साडेसहा अशी भारतीय वेळ असलेला माणूस घ्या. बँकॉकच्या वेळेने त्याचं काम अकराला सुरू होतं आणि आठला संपतं. सकाळ मोकळी मिळते, बाजार होतो, पोहणं होतं. क्वालालंपूर किंवा पेनांगमध्ये बारा ते नऊ, तेही जमतं. पण हाच माणूस लिस्बनला गेला, तर हिवाळ्यात पहाटे चारला लॅपटॉप उघडावा लागेल.

अमेरिकेच्या शिफ्टवाल्याचं सगळं उलटं. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, आणि आठ तासांनी रात्रीचे अडीच. ठाण्यात हे लोक कसेबसे रेटतात. बँकॉकमध्ये हीच शिफ्ट रात्री आठ ते पहाटे चार होते, पेनांगला नऊ ते पाच. नोव्हेंबरात अमेरिकेचं घड्याळ बदललं की आणखी एक तास पुढे. म्हणजे समुद्रकिनारी राहायला जायचं आणि दिवसभर पडदे ओढून झोपायचं. अशा माणसाने पूर्वेकडच्या याद्या वाचूच नयेत. त्याची दिशा पश्चिम: त्बिलिसी किंवा मॉरिशसमध्ये तीच शिफ्ट संध्याकाळी पाच ते रात्री एक होते. लंडनच्या क्लायंटवाल्यालाही पश्चिमच फळते. आपल्याकडे हिवाळ्यात अडीच ते अकरा चालणारं काम तिकडे एक ते साडेनऊ होतं आणि रात्रीचं जेवण माणसासारखं जेवता येतं.

दुसरा निकष कंपनीची लेखी परवानगी, आणि इथे लोक सर्वांत जास्त हलगर्जी करतात. ‘मॅनेजर हो म्हणाला’ ही परवानगी नव्हे. ऐरोली, घणसोली, वागळे इस्टेटमधल्या बऱ्याच कामांत क्लायंटच्या करारातच लिहिलेलं असतं की डेटा भारतातूनच हाताळला जाईल. कंपनीचा लॅपटॉप परक्या देशाच्या आयपीवरून, म्हणजे इंटरनेट पत्त्यावरून, व्हीपीएनला (कंपनीच्या सुरक्षित नेटवर्कला) जोडला की सिक्युरिटी टीमच्या स्क्रीनवर लाल दिवा लागतो, खातं लॉक होतं, आणि ते उघडायला ज्याला फोन करायचा तो त्या वेळी झोपलेला असतो. खासगी व्हीपीएन टाकून भारतातच असल्याचं भासवणारे असतात. हा नोकरी घालवायचा खात्रीचा रस्ता आहे, कारण लॅपटॉपचं टाइमझोन, जवळचे वायफाय आणि सॉफ्टवेअरच्या नोंदी सगळं सांगून टाकतात. कंपनीची स्वतःचीही एक भीती असते: कर्मचारी दुसऱ्या देशात बसून फार दिवस काम करत राहिला तर तिथलं कर खातं म्हणू शकतं की तुमची कंपनी इथे धंदा करते. म्हणून एचआर आणि आयटी दोघांकडून ईमेलवर देश, तारखा आणि लॅपटॉप या तिन्हींचा उल्लेख घ्यावा. व्हिसाच्या अर्जाला नोकरीचं पत्र लागतंच, ते याच वेळी मागून ठेवावं.

मग व्हिसा. पर्यटक म्हणून मिळणारे दिवस सरकारं हवे तसे कमी-जास्त करतात, आणि ते फिरायला असतात. खोलीत बसून लॅपटॉप उघडला म्हणून कुणी दार ठोठावत नाही हे खरं, पण कागदोपत्री ते काम करण्याचा परवाना नव्हेत. विमानतळावर ‘काय करायला आलात’ याचं उत्तर ‘काम’ असं दिलं तर परतीचं विमान दाखवतात.

थायलंडने जुलै २०२४ मध्ये डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) नावाचा, बाहेरच्या कंपनीचं काम लॅपटॉपवर करणाऱ्यांनाही चालणारा व्हिसा काढला. मुदत पाच वर्षं, एका वेळी १८० दिवस राहता येतं, बाहेर पडून परत आलं की नवे १८०. मूळ शुल्क दहा हजार बाट. वय किमान वीस. नोकरीचा करार किंवा फ्रीलान्स कामाचा पुरावा लागतो, आणि खात्यात पाच लाख बाट, म्हणजे पावणेचौदा लाख रुपयांच्या आसपास शिल्लक. रक्कम खर्च करायची नसते, दाखवायची असते. पण ती खात्यात मुरलेली हवी. आदल्या आठवड्यात मामांकडून आणून भरलेले पैसे स्टेटमेंटमध्ये लग्नातल्या फेट्यासारखे उठून दिसतात. अर्ज थायलंडबाहेरून, ऑनलाइन करायचा.

मलेशियाचा रिमोट काम करणाऱ्यांसाठीचा डी-रांताऊ पास ऑक्टोबर २०२२ पासून आहे. तीन ते बारा महिने, पुढे आणखी बारा महिने वाढवता येतो, नवराबायको आणि मुलांना बरोबर नेता येतं. शुल्क मुख्य अर्जदाराला एक हजार रिंगिट, सोबतच्या प्रत्येकाला पाचशे. अट वर्षाच्या कमाईची: आयटीवाल्यांना २४ हजार डॉलर, इतरांना थेट ६० हजार. ही तफावत नीट वाचा. ऐरोलीतल्या चारपाच वर्षं अनुभवाच्या डेव्हलपरला २४ हजार डॉलर, म्हणजे २१ लाखांच्या आसपास, गाठता येऊ शकतात. पण घरून पुस्तकांचं संपादन करणाऱ्या किंवा हिशेब लिहिणाऱ्या माणसाला पन्नास लाखांची अट म्हणजे दार बंदच. इंडोनेशियाच्या रिमोट कामाच्या व्हिसालाही ६० हजार डॉलरच लागतात, तेव्हा बालीचे फोटो बघून झाले की पुढे सरकावं. पोर्तुगालला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न मागतात, २०२५ च्या हिशेबाने ३,४८० युरो. पुढे सरकावं.

व्हिएतनाम १५ ऑगस्ट २०२३ पासून नव्वद दिवसांचा ई-व्हिसा देतं, एका प्रवेशाचा २५ डॉलर, अनेक प्रवेशांचा ५०. रिमोट कामाचा वेगळा वर्ग नाही. जॉर्जियात भारतीयांना एरवी व्हिसा लागतो, पण चालू अमेरिकन, ब्रिटिश किंवा शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) व्हिसा पासपोर्टवर असेल तर १८० पैकी ९० दिवस विनाव्हिसा राहता येतं. तिथल्या सीमेवर मात्र भारतीय पासपोर्टवाल्यांना कागद पूर्ण असूनही परत पाठवल्याच्या तक्रारी इतक्या आहेत की भाड्याचे पैसे आधी भरून जाऊ नये. त्बिलिसीत आपले वैद्यकीयचे विद्यार्थी पुष्कळ, त्यामुळे साबुर्तालो भागात डाळ-मसाले मिळतात. हिवाळा कडक, गॅस हीटरचं बिल वेगळं.

यादीवाले ज्या दोन जागांकडे बघत नाहीत, त्या आपल्याला सर्वांत सोयीच्या आहेत.

मॉरिशसचा प्रीमियम व्हिसा एका वर्षाचा, शुल्क नाही, अट महिना १,५०० डॉलर उत्पन्नाची आणि ते उत्पन्न मॉरिशसबाहेरचं असण्याची. घड्याळ दीड तास मागे, म्हणजे भारतीय वेळेचं काम आठ ते पाच होतं. फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआय आणि रुपे तिथे चालतं. गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, कारण एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजुरीला गेलेल्यांची मराठी वस्ती तिथे आजही नांदते आहे आणि शाळेत मराठी शिकवली जाते. स्वस्त मात्र नाही. बेट असल्याने निम्म्या वस्तू जहाजाने येतात, आणि नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा मोसम.

नेपाळला व्हिसाच लागत नाही. १९५० च्या करारामुळे भारतीय माणूस तिथे राहू शकतो, काम करू शकतो. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्यावं, आधार कार्डावर तरुण माणसाला सोडत नाहीत. नेपाळी रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाला १.६ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे डॉलर चढला-पडला तरी पोखऱ्याच्या भाड्याचा आपल्या रुपयातला आकडा हलत नाही. दुकानांत क्यूआरवर यूपीआय चालतं. विमान नको असेल तर कल्याणहून गोरखपूरची गाडी, तिथून सोनौलीची सीमा आणि पुढे बस. या वाटेने कुकर, गोडा मसाला, उशी असलं विमानात न मावणारं सामान बरोबर घेता येतं. वीज आता बरी, रोजचं भारनियमन २०१८ मध्येच संपलं. धोका दुसरीकडून येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने व्हॉट्सॲप, यूट्यूब धरून २६ प्लॅटफॉर्म एका फटक्यात बंद केले, त्यावरून आंदोलन पेटलं आणि सरकार पडलं. ज्याचा क्लायंट व्हॉट्सॲपवरच बोलतो त्याच्याकडे त्या आठवड्यात ईमेलचा दुसरा मार्ग ठरलेला असायला हवा होता. शिवाय पोखरा हे नेपाळमधल्या सर्वांत पावसाळी शहरांपैकी एक. जून ते सप्टेंबर तिथे जाणं म्हणजे माथेरानला जुलैत घर घेण्यासारखं.

तारखांचं एक गणित आहे ते फार थोडे मांडतात. आपल्याकडे करासाठी आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात असलात की निवासी. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर हे १८३ दिवस होतात. म्हणजे ऑक्टोबरात निघून मार्चअखेर परतणारा माणूस त्या वर्षी निवासीच राहतो, रिटर्न नेहमीसारखंच भरतो. थायलंड मात्र कॅलेंडर वर्ष मोजतं आणि त्यात १८० दिवस झाले की तुम्हाला करदाता धरतं. १ जानेवारी २०२४ पासून कमावलेलं बाहेरचं उत्पन्न अशा माणसाने देशात आणलं तर त्यावर कर लागतो. ऑक्टोबर ते डिसेंबर ९२ दिवस, जानेवारी ते मार्च ९०. दोन्ही वर्षांत तुम्ही १८० च्या बरेच खाली. फक्त दोन्ही मिळून १८२ होतात, आणि डीटीव्हीचा मुक्काम १८० चा, तेव्हा दोनतीन दिवस इकडेतिकडे करावे लागतात. जॉर्जियात ही युक्ती चालत नाही, ते सलग बारा महिन्यांतले १८३ दिवस मोजतात. याउलट एप्रिलमध्ये निघून आठनऊ महिने बाहेर राहणाऱ्याने सीएकडे आधी जावं. तो अनिवासी ठरू शकतो आणि मग बँक खातं, घरभाडं, गुंतवणूक सगळ्याला शेपूट फुटतं.

कराला सोयीचे हे महिने हवेला सोयीचे असतीलच असं नाही. चियांग माईत फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत शेतं आणि जंगलं जळतात, धूर डोंगरांच्या वाटीत अडकतो, आणि ज्या हवेसाठी घोडबंदर सोडला ती तिथेही मिळत नाही. म्हणून जाणते लोक ऑक्टोबर ते जानेवारी चियांग माई आणि पुढचे दोन महिने दक्षिणेला समुद्राकडे असं करतात. भाड्याचा करार सहा महिन्यांचा करू नका, हे त्यामागचं कारण. दा नांगला सप्टेंबर ते डिसेंबर पाऊस आणि पूर, तिथे फेब्रुवारीनंतर जावं.

आता खोली. थायलंडमध्ये भाड्यापेक्षा मीटर जास्त फसवतो. सरकारी दर युनिटला चार बाटच्या आसपास, पण पुष्कळ घरमालक सात-आठ बाट लावतात. एसी लावून दिवसभर खोलीतच काम करणाऱ्याची महिन्याला दोनशे-अडीचशे युनिटं सहज होतात, म्हणजे फरक सहाशे ते हजार बाटचा. खोली बघताना भाडं विचारायच्या आधी युनिटचा दर विचारावा आणि तो करारात लिहून घ्यावा. परदेशी माणूस राहायला आल्याची नोंद घरमालकाने चोवीस तासांत इमिग्रेशनला करायची असते. ती केली नाही तर पुढे मुदतवाढीच्या खिडकीवर अडतं ते तुमचं. व्हिएतनाममध्येही अशीच तात्पुरत्या निवासाची नोंद घरमालकाने करायची असते. नोंद करायला कां-कूं करणाऱ्याची खोली सोडून द्यावी, कितीही समुद्र दिसत असला तरी.

स्वयंपाकघराकडे पुरुष मंडळी बघत नाहीत आणि तिसऱ्या आठवड्यात वरणभातावर जीव जातो. थायलंडच्या स्टुडिओत ओटा म्हणजे सिंकशेजारची दोन फुटांची फळी आणि तिच्यावर एकच इंडक्शन. घरचा ॲल्युमिनियमचा तीन लिटरचा कुकर त्यावर ठेवला की शेगडी चारदा पीप करून गप्प होते. भांडं चालेल की नाही हे ठाण्यातच कळतं: फ्रिजवरचा चुंबक काढून तळाला लावायचा, घट्ट चिकटला तर चालेल. फोडणीची कढली लोखंडी असली, चुंबक चिकटला, तरी चालत नाही, कारण दहा-बारा सेंटिमीटरपेक्षा लहान तळ शेगडीला दिसतच नाही. मग फोडणी मोठ्या भांड्यात आधी करून त्यावर शिजलेली डाळ ओतायची. तीही बाल्कनीचं दार उघडून, कारण सुक्या मिरचीचा ठसका एसीच्या बंद मजल्यावर सात दारांपर्यंत जातो आणि छताला धूर ओळखणारं यंत्र असतं. रोज रांधणाऱ्या कुटुंबाने सरळ पेनांग बघावं. तिथले फ्लॅट दोन-तीन खोल्यांचे, स्वयंपाकघर वेगळं, जॉर्जटाउनच्या लिटल इंडियात तूरडाळीपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं, आणि शाकाहारी जेवण केळीच्या पानावर. थायलंडमध्ये नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, फिश सॉस भाजीतही असतो. व्हिएतनाममध्ये ‘चाय’ असं लिहिलेली शाकाहारी खानावळ शोधावी, जवळपास प्रत्येक वस्तीत असते.

प्लगचं आधी सांगायला हवं होतं. आपला तीन गोल पिनांचा प्लग मलेशियात बसत नाही, तिथे चपट्या तीन पिनांचं ब्रिटिश सॉकेट. थायलंडमध्येही आपली तिसरी पिन आड येते. सहा ॲडॅप्टर घेण्यापेक्षा एक भारतीय एक्स्टेन्शन बोर्ड आणि एक दणकट ॲडॅप्टर न्यावा. लॅपटॉप, मॉनिटर, फोन त्यावर निभतात. इस्त्री आणि किटली त्यावर लावू नये.

इंटरनेटचा वेग जाहिरातीत डाउनलोडचा असतो, मीटिंग अडते ती अपलोडवर आणि लाइन सारखी अडखळण्यावर. खोली बघायला दुपारी गेलात तर नेट छान दिसेल, अख्खी इमारत कामावर गेलेली असते. रात्री आठ-नऊला परत जा, खोलीत उभं राहून एक व्हिडिओ कॉल लावा. राउटर खोलीत आहे की कॉरिडॉरमध्ये चार खोल्यांना मिळून एक, ते बघा. स्थानिक सिमचा डेटा पर्याय म्हणून हवाच.

भारतीय सिम फोनमधून काढू नका. स्थानिक नंबर ई-सिमवर घ्यावा आणि आपलं सिम जागेवर राहू द्यावं, कारण यूपीआय त्याच सिमशी बांधलेलं असतं आणि बँकेचा ओटीपी तिथेच येतो. आंतरराष्ट्रीय रोमिंग ठाण्यात असतानाच सुरू करून घ्यावं, तिकडे पोहोचल्यावर ते सुरू करायलाही ओटीपी लागतो. रिचार्ज संपू देऊ नये. साध्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा आकार बहुधा साडेतीन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे पन्नास हजारांवर दोन हजारांहून जास्त. असा आकार नसलेलं एक कार्ड आधीच घ्यावं. थायलंडच्या एटीएममध्ये परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाट किंवा जास्त कापतात, तेव्हा थोडेथोडे काढू नयेत. मशीनने ‘रुपयात कापू का’ विचारलं की नाही म्हणावं, तो दर त्यांच्या सोयीचा असतो.

स्कूटर. सगळे घेतात आणि विमा इथेच नाकारला जातो. वैध परवाना नसताना पडलात तर प्रवास विमा दवाखान्याचं बिल देत नाही, आणि इथली मेडिक्लेम बहुधा भारताबाहेर चालत नाही. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, हजार रुपये, मुदत एक वर्ष. मात्र तो दुचाकीचा मूळ परवाना असेल तरच दुचाकीला चालतो. शिवाय भारत देतो तो १९४९ च्या जिनिव्हा करारानुसारचा. थायलंड तो मानतं, व्हिएतनाम फक्त १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसारचा मानतं. दा नांगच्या रस्त्यावर म्हणूनच आपला परवाना खिशात असूनही नसल्यासारखा.

मागे राहिलेल्या घराचा खर्च लोक विसरतात. स्वतःचा फ्लॅट असेल तर वाटतं, भाड्याने देऊ आणि त्यात तिकडचं भाडं निघेल. लीव्ह अँड लायसन्स बहुधा अकरा महिन्यांचा होतो, तुम्ही जाणार सहा महिन्यांसाठी. सहा महिन्यांसाठी येणारा चांगला भाडेकरू मिळत नाही, मिळाला तर दलाली आणि रंगकाम वजा जाता हातात फार राहत नाही. सोसायटी बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याचा आकार, लावते. ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, पण काही सोसायट्या पूर्ण मेंटेनन्सवर लावतात, तेव्हा बिल तपासावं. बंद ठेवलात तर मेंटेनन्स आणि महावितरणचा स्थिर आकार चालूच. भाड्याने राहणाऱ्याची यातून सुटका असते. त्याने सामान पनवेल-कर्जतच्या नातेवाइकांकडे टाकावं आणि करार संपण्याच्या सुमारास निघावं. सहा महिन्यांच्या प्रयोगाला खरा योग्य माणूस तोच.

तिकडे पोहोचल्यावर पहिले सात-आठ दिवस साध्या गेस्टहाउसचे घ्यावेत, ऑनलाइन महिन्याची खोली आधी भरून टाकू नये. पायी फिरून खोल्या बघाव्यात, शेजारच्या प्लॉटवर पत्रे ठोकलेले असतील तर तिथे इमारत उठणार हे ठाणेकराला सांगायला नको. करार थाई किंवा व्हिएतनामी भाषेत असेल तर इंग्रजी प्रत मागावी आणि त्यात तीन वाक्यं शोधावीत: युनिटचा दर, मुदतीआधी सोडल्यास डिपॉझिटचं काय, आणि सोडल्यावर ते किती दिवसांत परत मिळेल. थायलंडमध्ये बहुधा दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिना आगाऊ घेतात, मलेशियात त्यावर पाणी-विजेचं आणखी अर्धं. मुदतीआधी निघालात तर ते बहुतेक बुडतं. तेव्हा महिन्याला हजार-दीड हजार बाट जास्त पडले तरी तीन महिन्यांचा करार घ्यावा. सही करायच्या आधी रिकाम्या खोलीचा व्हिडिओ काढावा, भिंतीवरचे डाग, बाथरूमची फट, गादीची खालची बाजू आणि मीटरचा आकडा दिसेल असा, आणि तो त्याच दिवशी घरमालकाला पाठवून द्यावा.